अमेरिकी नौदलाची माल-पलटण: पूर्णवेळ की राखीव?

ग्रीन कार्डधारकालाही अमेरिकी नौदलात शिपाई म्हणून भरती होता येतं. जहाजं रिकामी करण्याच्या कामात रस असेल, तर नेव्हल कार्गो हँडलिंग बटालियनमध्ये शिरायच्या दोन वाटा आहेत: व्हर्जिनियात विल्यम्सबर्गजवळ चीथम अ‍ॅनेक्सला असलेली पूर्णवेळ पहिली बटालियन, किंवा देशभर विखुरलेल्या राखीव बटालियन.

काम दोन्हीकडे एकच. क्रेनवर एक जण, त्याला हातांनी इशारे देणारा दुसरा, जहाजाच्या पोटात स्लिंग (भार उचलायचे दोर किंवा साखळ्या) अडकवणारे, धक्क्यावर फोर्कलिफ्टवाले. घोटाळा बहुधा स्लिंगच्या कोनात होतो. २ टनांचा भार दोन पायांच्या, म्हणजे हुकापासून दोन बाजूंना जाणाऱ्या दोरांच्या, स्लिंगवर उचलला, तर पाय आडव्याशी ६० अंशांत असताना प्रत्येकावर सुमारे १.१५ टन ताण येतो. ३० अंशांत असताना पूर्ण २ टन. लांब पेटीला आखूड स्लिंग लावली की नेमकं हेच होतं, आणि हे नुसत्या नजरेला कळायला हात चालता लागतो.

खरा फरक इथेच पडतो. पूर्णवेळ बटालियनचे लोक अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो तळावर वार्षिक रसदीचं जहाज १२-१२ तासांच्या पाळ्यांत, रात्रंदिवस रिकामं करतात आणि परतीला तळाचा कचराही त्यातच भरतात. राखीव शिपायाला महिन्यातला एक शनिवार-रविवार आणि वर्षाचे साधारण दोन आठवडे. त्यातले बरेच वीकेंड वैद्यकीय तपासण्या आणि कागदपत्रांतच जातात. एरवी बंदरात किंवा गोदामात नोकरी करणाऱ्याला हे चालतं. दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्याचा हात मात्र गंजतो.

पण पूर्णवेळ भरतीत एक मेख आहे. करारात कामाचा प्रकार ठरतो, उदाहरणार्थ लॉजिस्टिक्स स्पेशालिस्ट (रसद आणि कोठार सांभाळणारा). बटालियन मिळेलच असं नाही. पहिली नेमणूक विमानवाहू नौकेच्या कोठारातही होऊ शकते. राखीवमध्ये घराजवळच्या तुकडीतली रिकामी जागा आधी विचारून घेता येते, आणि ती विचारावीच. दूरच्या तुकडीचा प्रवासखर्च बहुधा खिशातूनच जातो.

राखीव शिपायाला बोलावणं आलं, तर कायदा त्याची नोकरी राखून ठेवतो, एका मालकाकडे एकूण ५ वर्षांपर्यंत, काही अपवाद सोडून. स्वतःचा धंदा असेल तर राखणार कोण? पेन्शनसाठी दोन्हीकडे २० वर्षं लागतात. पूर्णवेळवाल्याची निवृत्तीनंतर लगेच सुरू होते, राखीववाल्याची साधारणपणे साठीला.