दहावीनंतर आयटीआय, कार्यशाळा की थेट कंपनी?

"बाई, आता पुढं काय?" विशेष शाळेत शिकवताना जूनमध्ये हा प्रश्न हमखास येतो. खरं तर तो आठवीतच यायला हवा. नाशिकमध्ये साधारण तीन वाटा आहेत, आणि त्यातली कोणती घ्यायची हे अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावरच्या टक्क्यांवरून ठरवू नका.

पहिली आयटीआय. अस्थिव्यंग, कर्णबधिर किंवा लिहिण्या-वाचण्यात अडखळणाऱ्या मुलांसाठी ही वाट चांगली. वेल्डरला आठवी पास चालते आणि वर्षात हातात कसब येतं. कोपा, म्हणजे कॉम्प्युटरचा ट्रेड, तोही वर्षाचा, पण दहावी हवी. फिटर, इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे. इथंच बरेच पालक फसतात. मुक्त विद्यालयातून दहावी करताना गणित टाळता येतं, मूल सुटतं, आपणही सुटतो. पुढं कळतं की या दोन ट्रेडना दहावीला गणित-विज्ञान लागतं. कर्णबधिर मुलाला वर्गात खुणांच्या भाषेचा दुभाषा मिळेल असंही धरून चालू नका, आधी जाऊन विचारा. एवढं निभावलं तर सर्टिफिकेट जन्माचं. अ‍ॅप्रेंटिसशिपला ते उपयोगी पडतं आणि सरकारी भरतीतल्या ४ टक्के आरक्षणातही कामी येतं.

दुसरी संरक्षित कार्यशाळा. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी नाशिकला ही परंपरा जुनी आहे. रजनीताई लिमयेंनी अशा मुलांसाठी प्रबोधिनी ही संस्था सुरू केली ती १९७७ साली. अशा ठिकाणी पाकिटं, पणत्या, फाइली, पॅकिंग अशी कामं असतात. मानधन किरकोळ, पण दिवसाला शिस्त लागते आणि घरच्यांचा जीव खाली पडतो. फक्त एक प्रश्न जरूर विचारा: गेल्या तीन वर्षांत इथून किती जण बाहेर कामाला लागले? उत्तर देताना समोरचा घुटमळला, तर समजून घ्या.

तिसरी थेट कंपनी, सुरुवातीला प्रशिक्षक सोबत ठेवून. माझं मत हिच्या बाजूनं आहे, आणि ते हात पोळल्यानंतरही आहे. आमच्या शाळेतला एक मुलगा अंबडच्या एमआयडीसीत नटबोल्टच्या पॅकिंगला लागला. दहाच्या पुढं मोजताना गोंधळायचा. तिथल्याच एका ताईनं अंड्यांचा ट्रे आणून दिला. एका खड्ड्यात एक नट. ट्रे भरला की तीस, की ओत पिशवीत. आठवड्यात तो इतरांच्या बरोबरीनं पिशव्या भरायला लागला. पुढं सुपरवायझर बदलला, नव्यानं त्याला न सांगता सेकंड शिफ्टला टाकलं. पोरगा नेहमीसारखा सकाळी गेटवर. वॉचमननं परत पाठवलं, ते तो पुन्हा गेलाच नाही. तेव्हापासून मी दोन गोष्टी लेखी घेते: शिफ्ट कायम राहील, आणि त्याच्याशी बोलणारा माणूस एकच असेल. ट्रेनिंगच्या नावाखाली वर्षभर फुकट राबवून घेत नाहीत ना, पगार किमान वेतनाप्रमाणे आहे ना, पीएफ भरतात ना, हे मात्र तुम्हीच बघा.

कोणतीही वाट धरा, यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, आधी काढा. आरक्षणासाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागतं. तपासणी त्र्यंबक रोडच्या सिव्हिलला. आधार आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव जुळतंय का तेही पाहा, एका वेलांटीपायी खेटे पडतात.

आणि अजूनही ठरत नसेल, तर दिवाळीच्या सुट्टीत एक काम करा. सकाळी सातला डबा भरून द्या, एकट्याला सातपूरच्या बसमध्ये बसवा (तुम्ही मागच्या सीटवर, गुपचूप), आणि ओळखीच्या कुणाच्या वर्कशॉपमध्ये किंवा दुकानात दिवसभर हाताखाली ठेवा. पहिले तीन दिवस मजा असते. चौथ्या दिवशी तो आपणहून उठून डबा मागतो का, तेवढं बघा.