३०० जीएसएमचा कॉटन कागद: चार महिने वापरून

जलरंग मी स्वतःच धडपडत शिकलेला. शाळेत एलिमेंटरीला 'सी' ग्रेड, त्यानंतर ब्रश हातात घेतला तो थेट पंचेचाळिशीत. आकाश डागाळलं तर चूक हाताची की कागदाची, हे सांगणारं कुणी नव्हतं. सहा वर्षं मी आपला हातालाच शिव्या घालत होतो.

मार्चमध्ये ठाण्यात नौपाड्यातल्या एका दुकानातून शंभर टक्के कॉटनचा, ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे जाडजूड), कोल्ड प्रेस्ड (किंचित खडबडीत पोताचा) कागद आणला. पूर्ण शीट २२ बाय ३० इंच, दुकानदार चार तुकडे करून देतो. एक तुकडा दीडशेच्या आसपास पडला. (बायकोला अजून साठच सांगितलेत.)

पहिला तुकडा घेऊन सकाळी उपवनला बसलो, समोर येऊरचा डोंगर. उन्हाळ्यात साध्या कागदावर वॉश (पातळ रंगाचा सलग थर) खाली येईपर्यंत वरची कड सुकलेली असते. इथे पाणी रेंगाळतं. डोंगराची कड आकाशात विरघळवायची, तर मध्ये चहाचा घोट घेण्याइतकी सवड मिळाली. अल्ट्रामरीन निळा आणि तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना मिसळून करडा लावला, तर निळ्याचे कण कागदाच्या खळग्यांत जाऊन बसले आणि जी झाडी मी एकेक पान रंगवून मारून टाकायचो, ती आपसूक उभी राहिली. वरून दुसरा थर दिला तरी खालचा उचकटला नाही.

पुढच्याच आठवड्यात तलावपाळीचं चित्र भिकार झालं. कागद तोच, रंग तेच, आणि कौपिनेश्वराच्या देवळाचं शिखर एकीकडे, त्याचं प्रतिबिंब भलतीकडे. आता कागदावर ढकलायची सोय नाही.

तक्रार जुलैतल्या शीटची. रंग ठिपक्याठिपक्यांनी शोषला गेला. दुकानात कागद दमट हवेत उघडाच पडलेला, वरचं सायझिंग (पाणी पटकन मुरू नये म्हणून दिलेला लेप) गेलेलं. दाखवायला गेलो तर, "काका, पावसाळ्यात होतंच असं." होतं ना, मग प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा की! आता पैसे देण्याआधी कोपऱ्याला ओलं बोट लावतो. पाणी लगेच मुरून गडद डाग पडला तर शीट तिथेच ठेवून येतो.

रोजच्या सरावाला हा परवडणार नाही, त्याला साधा कागद बरा. पण पाठपोट वापरता येतो. माझ्या त्या फसलेल्या तलावपाळीच्या पाठीवर सध्या कळव्याहून दिसणारा पारसिकचा डोंगर चढतोय.