भिगवणच्या होडीत पक्षी टिपायला ६०० मिमीचा प्राइम लेन्स की १५०-६०० चा झूम?

उजनी धरणाच्या फुगवट्यावर पहाटेचा पहिला अर्धा तास प्राइमचाच, म्हणजे झूम न होणाऱ्या लेन्सचा. त्याच्या एफ ४ च्या मोठ्या छिद्रावर आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) १६०० पुरतो, तिथे झूमच्या एफ ६.३ च्या लहान छिद्राला ४००० लागतो आणि रोहित पक्ष्याच्या पिसांवरचा फिका गुलाबी रंग रवाळ होऊन जातो.

ऊन चढलं की मात्र पारडं फिरतं. डुलत्या होडीत तीन किलोंचा प्राइम हातात धरून सूर मारणारा नदीसुरय पक्षी टिपायचा म्हणजे खांद्याचं काही खरं नाही. झूम दोन किलोंच्या आसपास. त्यात थवा अचानक डोक्यावरून उडाला, तर झूम मागे घेता येतो. प्राइमवाल्याला मिळतात नुसत्या माना नि अर्धे पंख. माझ्याकडे असे फोटो ढीगभर आहेत! प्राइमची किंमत तर विचारूच नका. मी झूमच नेतो.