मेडिकेअरची घरपोच थेरपी आणि त्यानंतरचे क्लिनिक : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

न्यू जर्सीत आमच्याकडे राहणाऱ्या माझ्या आईचे खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, आणि त्यानंतर आम्ही आधी मेडिकेअरची (म्हणजे अमेरिकी सरकारच्या, मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या आरोग्यविम्याची) ‘होम हेल्थ’ सेवा आणि मग क्लिनिकमधली फिजिओथेरपी अशा दोन्ही सोयी वापरल्या. दोन्हींच्या दर्जाबद्दल मी समाधानी आहे. मात्र घरची सेवा संपून क्लिनिक सुरू होताना बिलांचा जो गुंता होतो, तो आईवडिलांना इकडे आणलेल्या प्रत्येक कुटुंबाने आधीच समजून घ्यावा असे मला मनापासून वाटते.

आईकडे ओरिजिनल मेडिकेअर, म्हणजे थेट सरकारकडून मिळणारा विमा आहे. त्यात घरी येणाऱ्या नर्सचे आणि थेरपिस्टचे रुग्णाला काहीही द्यावे लागत नाही. वॉकरसारख्या उपकरणांचे मात्र वीस टक्के आपले असतात. डॉक्टरांचा आदेश लागतो, सेवा सुरू होण्याच्या आधीच्या ९० किंवा नंतरच्या ३० दिवसांत त्यासंबंधीची प्रत्यक्ष तपासणी झालेली असावी लागते, आणि रुग्ण ‘होमबाउंड’ असावा लागतो, म्हणजे आधाराशिवाय बाहेर पडता येत नाही आणि पडायचे तर फार कष्ट होतात अशी त्याची स्थिती असावी लागते. या अटीमुळे अनेक ज्येष्ठ मंडळी देवळात जायलाही घाबरतात. ती भीती अनाठायी आहे, कारण डॉक्टरकडे जाणे आणि धार्मिक कार्याला जाणे यांना नियमातच मुभा आहे.

घरच्या थेरपीचा खरा फायदा असा, की व्यायाम रुग्णाच्या रोजच्या जागेत होतो. आमच्याकडे येणाऱ्या थेरपिस्ट बाईंनी आईच्या कमरेला पट्टा बांधून तिला स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी उभे केले, दोन्ही हात ओट्याच्या कडेवर ठेवायला लावले आणि टाचा उचलायला शिकवले. मग न्हाणीघराचा उंबरठा, मग पलंगावरून उठणे. क्लिनिकमध्ये हे इतके नेमके झाले नसते.

आता बिलाचे. १९९७ च्या कायद्यानुसार ऑक्टोबर २००० पासून मेडिकेअर घरच्या सेवेचे पैसे एजन्सीला, म्हणजे घरी नर्स आणि थेरपिस्ट पाठवणाऱ्या संस्थेला, एकगठ्ठा देते. २०२० पासून हा गठ्ठा ३० दिवसांचा झाला, पण डॉक्टरांनी मंजूर करायचा उपचारांचा आराखडा अजूनही ६० दिवसांचाच असतो. फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामे पुन्हा जमावीत यासाठीची) आणि स्पीच थेरपी या तिन्ही त्या गठ्ठ्यातच मोडतात. त्यामुळे रुग्ण एजन्सीच्या आराखड्याखाली असेपर्यंत बाहेरच्या क्लिनिकने थेरपीचा स्वतंत्र क्लेम पाठवला, तर मेडिकेअर तो नाकारते. यातला सर्वांत फसवा भाग म्हणजे एजन्सीचा थेरपिस्ट येत नसेल आणि फक्त नर्स जखमेच्या ड्रेसिंगसाठी येत असेल, तरीही हेच लागू होते. डॉक्टरांची स्वतःची फी मात्र या गठ्ठ्याबाहेर असते, त्यामुळे सर्जनच्या भेटीचे बिल विनाअडथळा जाते आणि थेरपीचे तेवढे अडकते.

आमच्या बाबतीत घडले ते असे. एजन्सीने सेवा संपत असल्याची लेखी नोटीस दिली, आईने सही केली, शेवटची भेट झाली, आणि त्यानंतरच आम्ही क्लिनिक सुरू केले. क्लिनिकच्या स्वागतकक्षात पहिल्याच दिवशी ‘घरी कुणी नर्स किंवा थेरपिस्ट येतात का’ असे विचारले गेले आणि आम्ही खरे ते सांगितले. तरीही सुरुवातीचे सगळे क्लेम परत आले. एजन्सीने डिस्चार्जची नोंद असलेला शेवटचा क्लेम मेडिकेअरकडे पाठवलाच नव्हता, त्यामुळे मेडिकेअरच्या नोंदीत आई अजून घरच्या सेवेतच होती. मेडिकेअरच्या पत्रकावर थेरपीच्या प्रत्येक ओळीसमोर मंजूर रक्कम शून्य, आणि पाठोपाठ क्लिनिककडून पूर्ण रकमेचे स्टेटमेंट आमच्या घरी. एजन्सीच्या बिलिंग विभागाकडून दर वेळी ‘प्रोसेसमध्ये आहे’ एवढेच उत्तर मिळत होते. ज्या एजन्सीची माणसे आईच्या पायाची इतकी आत्मीयतेने काळजी घेतात, तिच्याच कार्यालयाने एका तारखेसाठी एका वृद्ध बाईला हजारो डॉलरच्या कागदाने घाबरवावे, हे मला अजिबात मान्य नाही.

त्या सही केलेल्या नोटिशीचा इथे उपयोग झाला. तिच्यावर सेवेची शेवटची तारीख छापलेली असते. तिची प्रत क्लिनिकच्या बिलिंगवाल्यांना दिल्यावर त्यांनी आमच्याकडचा तगादा थांबवला आणि एजन्सीशी थेट बोलणे सुरू केले. शेवटचा क्लेम गेल्यावर त्यांनी आपले क्लेम पुन्हा पाठवले आणि ते मंजूर झाले. हीच नोटीस दुसऱ्या कामासाठीही असते. सेवा अकाली बंद होते आहे असे वाटले, तर शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी दुपारी बारापर्यंत त्वरित फेरतपासणी मागता येते, आणि त्यासाठीचा फोन नंबर तिच्यावरच असतो. एकदा नाकारलेल्या क्लेमवर अपील करायला पत्रक मिळाल्यापासून १२० दिवस असतात, त्यामुळे क्लिनिकचे स्टेटमेंट आले म्हणून लगेच चेक लिहू नये.

क्लिनिकचा खर्च वेगळ्या खात्यात जातो. ती पार्ट बीची, म्हणजे मेडिकेअरच्या डॉक्टर आणि बाह्यरुग्ण उपचारांच्या भागातली सेवा असल्याने वार्षिक डिडक्टिबल, म्हणजे आधी आपण भरायची ठरावीक रक्कम (२०२५ मध्ये २५७ डॉलर) भरल्यावर मंजूर रकमेचे वीस टक्के आपण द्यायचे. फिजिओ आणि स्पीच मिळून २०२५ मध्ये २,४१० डॉलरच्या वर गेले, की उपचार गरजेचे असल्याची खूण क्लिनिकला क्लेमवर जोडावी लागते. ही मर्यादा नव्हे, तिथे थेरपी थांबत नाही. घरी झालेली थेरपी या हिशेबात धरली जात नाही, आणि हे आईच्या दृष्टीने फार सोयीचे ठरले.

घरी आणता न येणारे मोठे उपकरण लागत असेल, तर एजन्सी स्वतः रुग्णालयाशी व्यवस्था करून तिथे थेरपी देऊ शकते; बिल एजन्सीच करते, जाण्यायेण्याचा खर्च मात्र मिळत नाही. शिवाय घरच्या सेवेतून डिस्चार्ज झाल्यावर काही थेरपिस्ट पार्ट बीखालीच घरी येतात आणि त्याला होमबाउंडची अट नसते, पण वीस टक्के लागतात. जिन्यावरून उतरणे ज्यांना जड जाते त्यांच्यासाठी ही सोय मला क्लिनिकपेक्षा चांगली वाटते.

मेडिकेअर ॲडव्हान्टेज, म्हणजे खाजगी विमा कंपनीमार्फत मिळणारे मेडिकेअर घेतलेल्यांना यातले बरेच वेगळे लागू होईल, कारण तिथे पूर्वमंजुरी आणि कोपे (दर भेटीला आपण द्यायची रक्कम) कंपनी ठरवते. पाच वर्षे सलग राहून ग्रीन कार्डावर मेडिकेअर विकत घेणारे आपल्याकडचे अनेक आईवडील महागड्या पार्ट एशिवाय (रुग्णालयाच्या खर्चाच्या भागाशिवाय) फक्त पार्ट बी घेतात. त्यांनाही होम हेल्थ मिळते. क्लिनिकची पहिली तारीख घेण्याआधी एजन्सीच्या बिलिंग विभागाला एवढेच विचारावे, की डिस्चार्जचा शेवटचा क्लेम गेला का आणि त्यावर कोणती तारीख आहे. उत्तर टाळले गेले, तर प्रत्येक राज्यात शिप नावाची मेडिकेअरविषयक मोफत सल्लासेवा आहे, तिथे फोन करावा.