दहा रविवारांचा समाजशास्त्राचा वर्ग : एका प्रगणक शिक्षिकेचा अनुभव

2011 च्या फेब्रुवारीत मी खेड तालुक्यातल्या एका गावात जनगणनेची प्रगणक होते. शाळा सुटली की खांद्याला पिशवी, हातात तक्ते, आणि 9 ते 28 तारखेपर्यंत घरोघर. एका अंगणात एक बाई म्हशीची धार काढत होती. मी विचारलं, "तुम्ही काही काम करता का?" ती धार न थांबवता म्हणाली, "नाही ओ बाई, घरीच असते." ओट्यावर सासरे बसले होते, त्यांनीही मान डोलावली. मी तिला 'काम न करणारी' म्हणून लिहिलं आणि पुढच्या दाराकडे वळले.

ती नोंद चुकीची होती. दूध फक्त घरापुरतं काढलं तरी जनगणनेच्या व्याख्येत ते काम धरलं जातं, आणि हे आमच्या सूचनापुस्तिकेत छापलेलं होतं. प्रशिक्षणात वाचूनही दाखवलं होतं. तरी तिचं "नाही" मी तसंच उतरवलं. असं का झालं, हे मला पंधरा वर्षांनी पिंपरीतल्या एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर कळलं.

तिथे दर रविवारी सकाळी 10 ते 1 समाजशास्त्राचा प्राथमिक वर्ग चालतो. दहा रविवार, फी 1200 रुपये, पदवीची अट नाही. आमच्या तुकडीत तेवीस जण होतो. दोन नर्स, एक निवृत्त एसटी वाहक, स्पर्धा परीक्षेची पाच-सहा मुलं, एका मोठ्या हौसिंग सोसायटीचे सचिव, बाकी माझ्यासारख्या शिक्षिका. 2027 च्या जनगणनेत जातही विचारायची आहे. जनगणनेत सगळ्या जातींची नोंद 1931 नंतर पहिल्यांदाच होणार. पुन्हा दारात उभं राहायचं असेल तर यावेळी समजून उभं राहावं, म्हणून मी नाव घातलं.

शिकवतात त्या मॅडम महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या आहेत. पहिल्या दिवशी त्यांनी व्याख्या सांगितलीच नाही. प्रत्येकाला तीन चिठ्ठ्या दिल्या: आईचं लग्न कितव्या वर्षी झालं, तुमचं किंवा तुमच्या बहिणीचं कितव्या, आणि पुढच्या पिढीतल्या कुणाचं झालं असेल तर कितव्या. चिठ्ठ्या भिंतीवर ओळीने लावल्या. पहिल्या ओळीत 14, 15, 16. मधल्या ओळीत 19, 20, 21. तिसरीत 25, 27. माझं लग्न विसाव्या वर्षी झालं तेव्हा घरात केवढा वाद झाला होता, किती रात्री मी रडले होते. तो आमच्या घरचाच प्रश्न आहे असं मी इतकी वर्षं समजत होते. भिंतीवर माझ्या आजूबाजूला आठ जणींची तीच संख्या होती. दुर्खीम या फ्रेंच अभ्यासकाने 1897 साली आत्महत्येसारख्या अगदी एकट्याच्या वाटणाऱ्या कृतीचे आकडे मांडून त्यामागे समाजाचा हात कसा असतो ते दाखवलं, हे मॅडमनी त्यानंतर सांगितलं. आधी भिंत, मग दुर्खीम. हा क्रम मला फार आवडला.

मग त्याच चिठ्ठ्यांवर ज्यांचं लग्न जातीबाहेर झालं त्यांनी लाल ठिपका द्यायचा होता. तीन पिढ्यांत मिळून दोन ठिपके. खोलीत कुणी काही बोललं नाही. मग मॅडमनी सांगितलं: डॉ. आंबेडकरांनी 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात निबंध वाचला, तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावण्याने, हे त्यांनी त्यात मांडलं होतं. आमची भिंत समोर ठेवून ते ऐकताना अंगावर काटा आला. लगेच मॅडमनी बजावलं की तेवीस माणसं म्हणजे नमुना नव्हे. रविवारी सकाळी मोकळे असलेले, 1200 रुपये भरू शकणारे, वाचनालयात येणारे लोक आहोत आपण. यावरून महाराष्ट्राबद्दल एक वाक्यही बोलायचं नाही. नमुना निवड हा विषय पुढे चौथ्या रविवारी आला, पण मला तो पहिल्याच दिवशी कळला होता.

पाचवा रविवार माझ्यासाठी सगळ्यात मोलाचा. विषय होता क्षेत्रकार्य, म्हणजे लोकांत राहून अभ्यास. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये 1924 पासून मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग सांभाळत होते. त्यांचे विद्यार्थी एम. एन. श्रीनिवास 1948 साली म्हैसूरजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. पुढे 1970 मध्ये अमेरिकेत आग लागून त्यांच्या टिपणांवरून तयार केलेलं काम जळालं, आणि त्यांनी बरंचसं आठवणीतून पुन्हा लिहून काढलं. ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत होती. मला नवी होती ती दुसरी: गावात ते पाटलाच्या आसऱ्याने राहिले, त्यामुळे दलित आणि मुसलमान वस्तीत त्यांचं जाणं-येणं कमी राहिलं, आणि हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. अभ्यासक कुठे उतरला, कुणाच्या ओट्यावर बसला, यावर त्याला काय दिसणार ते ठरतं.

ओटा हा शब्द ऐकला आणि मला ते सासरे आठवले. मी प्रश्न त्यांच्यासमोर विचारला होता. शिवाय 'काम' हा शब्द वापरला होता, ज्याचा अर्थ त्या अंगणात 'पगाराचं किंवा रोजाचं काम' एवढाच होता. पुस्तिकेतली व्याख्या माझ्या पिशवीत होती आणि प्रश्न तोंडात गावाचा होता. मी वर्गात हात वर करून हे सगळं सांगितलं. मॅडमनी पाऊण तास त्यावरच घालवला. प्रश्न बदलून कसा विचारता येईल, ते तेवीस जणांकडून लिहून घेतलं. वाहक काकांचा सगळ्यांत चांगला होता: "आज सकाळपासून बसायला किती वेळा मिळालं?"

आता उणिवा. सातवा आणि आठवा रविवार सिद्धान्तांचा होता आणि तो अक्षरशः पळवला. मार्क्स आणि वेबर हे विचारवंत, शिवाय संस्कृतीकरण (खालच्या जातींनी वरच्या जातींच्या चालीरीती उचलणं), हे सगळं सहा तासांत. संस्कृतीकरणावर नर्स मुलीने चांगला प्रश्न विचारला होता की वरच्या जातीच्या चालीरीती उचलल्याने मान वाढत असेल, तर त्यात बायकांवरची बंधनंही वाढतात ना? उत्तराला वेळच उरला नाही. टिपणं इंग्रजीत दिली. मराठीत शिकवायचं आणि वाचायला इंग्रजी द्यायचं हे बरोबर नाही. आमच्यातल्या निम्म्या लोकांनी ती उघडलीच नसतील. इरावती कर्व्यांसारख्या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने ज्या भाषेत एवढं लिहून ठेवलं आहे, त्या भाषेत एक वीस पानी पुस्तिका तयार करणं अवघड नाही. मी तसं लेखी कळवलं आहे. पंखे दोनच, आणि जिना फार उभा. गुडघे दुखत असतील त्यांनी आधी विचारून घ्यावं.

सहाव्या रविवारची पिंपळे सौदागरची फेरी मात्र चुकवू नका. हेरॉल्ड मान हे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य. त्यांनी 1914-15 च्या सुमारास या गावाची घरोघर पाहणी केली आणि ती 1917 साली छापून आली. जमीन, विहिरी, कर्ज, पोट कशावर भरतं, सगळं. 1771 साली सरासरी 40 एकर असलेली जमीनधारणा (एकेका खातेदाराकडची जमीन) त्यांच्या वेळी 7 एकरांवर आली होती. आज पवना नदीकाठी तिथे टॉवर उभे आहेत. आम्ही गावठाणात मंदिराजवळ उभं राहून ते आकडे वाचले, मग दोन-दोन जण गल्ल्यांत गेलो. काम एकच होतं: कुणाला काही न विचारता अर्धा तास नुसतं पाहायचं आणि लिहायचं. मी एका किराणा दुकानासमोर उभी होते. कोण आत जातं, कोण बाहेरूनच सामान मागतं, कुणाला उधारीची वही उघडली जाते. अर्ध्या तासात चार पानं भरली. ही फेरी 11 ला सुरू झाली, उन्हाने दोघांना चक्कर आली. सकाळी 7 ला ठेवायला हवी होती.

शेवटच्या दोन रविवारांत प्रत्येकाने स्वतः केलेलं छोटं काम मांडायचं होतं. 2019 मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी झाली होती. त्यात आदल्या दिवशी पहाटे 4 पासून चोवीस तासांत काय काय केलं, ते अर्ध्या-अर्ध्या तासाने विचारलं होतं. मी तोच तक्ता घेऊन सासरी गेले. या वेळी ओट्यावर नाही, गोठ्यात बसले.

"जाऊबाई, काल पहाटे चारपासून सांगा."

"चारला कोण उठतंय? पावणेपाचला उठले. शेण काढलं, धार काढली, चहा ठेवला. मग काय, काहीच नाही, सैपाक."

"त्या 'काहीच नाही'त काय होतं?"

त्या थांबल्या. मग पाणी, भांडी, सासूबाईंना अंघोळ, डबे, भांगलण, वैरण असं येत गेलं. रात्री साडेदहापर्यंतच्या रकान्यांत तीनच रिकामे राहिले. त्यातल्या एकात मी 'माझ्याशी बोलल्या' असं लिहिलं, पण आदल्या दिवशीचं ते बोलणंही मेथी निवडता निवडताच झालं होतं. मधे दीर आत आले आणि त्या एकदम गप्प झाल्या. ते गेल्यावर पुन्हा सुरू झाल्या. हेही मी समासात टिपून ठेवलं.

पुढची तुकडी दिवाळीनंतर आहे. सिद्धान्त नीट शिकायचे असतील तर हा वर्ग पुरणार नाही, त्यासाठी वेगळं वाचावं लागेल. पण आशाताई, अंगणवाडी सेविका, शिक्षक, तलाठी, ज्यांना दारोदार जाऊन माणसं कागदावर उतरवावी लागतात त्यांनी जरूर जावं. आमच्या केंद्रातल्या चौघींची नावं मी देऊन आले आहे.