केबल लावलेली नव्हती, तरी ॲप म्हणालं डिव्हाइस जोडलंय

लाज वाटते आहे, तरी लिहितो. 12 एप्रिल 2025, शनिवारच्या रात्री माझे 0.0874 बिटकॉइन चोरीला गेले. त्या दिवशीच्या भावाने सहा लाख तीस हजारांच्या घरात. माझ्या खिशातले रुपये म्हणाल तर 1,94,500. ऑगस्ट 2022 पासून चौदा महिने, आंब्याची पट्टी (विक्रीचा हिशेब आणि पैसे) आली की त्यातून थोडे थोडे बाजूला काढून घेतलेले. थोरलीच्या इंजिनिअरिंगसाठी ठेवले होते.

'हावरटपणा केला असेल' असं म्हणणाऱ्यांसाठी आधीच सांगतो. मी कुठल्याही दामदुप्पटवाल्या ग्रुपमध्ये नव्हतो, कोणाला ओटीपी दिला नाही, कोणाच्या फोनला भुललो नाही. जुलै 2024 मध्ये वझीरएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजवर 23 कोटी डॉलरच्या आसपास चोरी झाली. माझे कॉइन दुसऱ्या एक्स्चेंजवर होते, पण धडकी भरली आणि हार्डवेअर वॉलेट मागवलं, म्हणजे बिटकॉइनची चावी आत ठेवणारं छोटं डिव्हाइस, 11,350 रुपयांचं, थेट कंपनीकडून. त्याने दिलेले 24 शब्द, म्हणजे वॉलेट पुन्हा उघडायची मूळ चावी, पेनाने कागदावर लिहिले. फोटो काढला नाही, मोबाइलमध्ये ठेवले नाहीत. आमची बाग विजयदुर्ग खाडीच्या काठाला, पावसात कपाटातल्या कपड्यांनाही बुरशी धरते, म्हणून कागद लॅमिनेट करून खताच्या पावत्यांच्या पेटीत ठेवला. इतकी काळजी घेतली आणि शेवटी तो कागद माझ्याच हाताने पेटीतून काढला.

माझा लॅपटॉप मार्चमध्ये बंद पडला होता. त्या रात्री वाशीला जाणारा टेम्पो भरायचा होता, 140 पेट्या. भाच्याचा लॅपटॉप शेडमध्येच होता. म्हटलं, गडी पेट्या बांधतायत तोवर वॉलेटचं ॲप टाकून घेऊ. सर्चमध्ये नाव टाकलं आणि सगळ्यात वर आलं ते उघडलं. त्यावर बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलेलं होतं, म्हणजे ती पैसे देऊन वर आणलेली जाहिरात होती. साइट हुबेहूब, ॲपही हुबेहूब, तोच काळा रंग, तीच चिन्हं. उघडल्यावर संदेश आला: डिव्हाइस जोडलं आहे, फर्मवेअर अपडेट अर्धवट राहिलं आहे, 24 शब्द टाकून वॉलेट पूर्ववत करा.

डिव्हाइस जोडलेलं नव्हतं. यूएसबी केबल टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत होती आणि डिव्हाइस माझ्या डाव्या हाताशी, स्क्रीन काळी. पेट्या मोजायला बायको आली होती, ती म्हणालीसुद्धा, "अहो, वायर लावलेली नाय ती." आणि मी तिला काय सांगितलं? "ब्लूटूथवर चालतं." माझ्या मॉडेलला ब्लूटूथ नाहीच! हे मला माहीत होतं, घेताना मुद्दाम बिनब्लूटूथचं घेतलं होतं. बाहेर टेम्पोवाला हॉर्न देत होता, हाताला आंब्याचा चीक, डोकं पट्टीत. ते एक वाक्य रोज आठवतं.

मग पेटी उघडून कागद आणला आणि शब्द टाकत गेलो. चार अक्षरं टाकली की ॲप पुढचा शब्द आपणहून पुरा करत होतं. सतरावा शब्द पुसट झाला होता, चुकीचा टाकला तर लाल झाला. त्यानेच माझा विश्वास बसला. पण हे कोणीही करू शकतं. हे शब्द ज्या 2048 शब्दांच्या यादीतून येतात ती सगळ्यांसाठी उघडी आहे आणि त्यातला प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखता येतो. शेवटी 'सिंक होत आहे' असं चक्र फिरू लागलं. मी टेम्पोकडे गेलो. परत आलो तेव्हा 11.40 झाले होते. ब्लॉकचेनवर, म्हणजे बिटकॉइनच्या उघड्या नोंदवहीत, व्यवहाराची वेळ 11.22. शिल्लक शून्य.

डेस्कटॉप ॲप ही नुसती खिडकी असते. चावी डिव्हाइसमध्ये, कॉइन ब्लॉकचेनवर. माझ्या वॉलेटचं खरं ॲप कीबोर्डवर 24 शब्द मागत नाही, कधीच नाही. शब्द टाकायचेच असले तर डिव्हाइसच्या स्क्रीनवर, त्याच्याच बटणांनी. पिनचा भरवसा धरू नका. पिन त्या यंत्रापुरता, शब्द ज्याच्या हाती त्याला यंत्रही लागत नाही. आणि चुकून कुठे टाकलेच गेले तर पिन बदलत बसू नका, त्या क्षणी नवीन शब्दांचं वॉलेट करून सगळं तिकडे हलवा. माझ्याकडे काही मिनिटं होती, ती मी टेम्पोत पेट्या रचण्यात घालवली.

आता पोलिसांबद्दल. ठाण्याचं नाव घेत नाही. रविवारी गेलो, साहेब नाहीत. सोमवारी आंबेडकर जयंती, सगळे बंदोबस्ताला. मंगळवारी पहिला प्रश्न, "कोणत्या बँकेतून गेले?" बँकेतून गेले नाहीत म्हटल्यावर, "मग तुमचे पैसे गेलेच कुठे, काका?" व्यवहाराचा 64 अक्षरी क्रमांक हवालदार हाताने उतरवत होते. मी मोजले, 62 भरले. छापलेला कागद जोडतो म्हटलं तर "राहू दे, तपासात बघू." मग साहेब म्हणाले, हा जुगारासारखाच प्रकार, मुळात कायदेशीर आहे का?

सुप्रीम कोर्टाने 4 मार्च 2020 ला बँकांना क्रिप्टोच्या व्यवहारांना सेवा द्यायला मनाई करणारं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक रद्द केलं. 1 एप्रिल 2022 पासून सरकार यातल्या नफ्यावर 30 टक्के कर घेतं, 1 जुलै 2022 पासून विक्रीवर 1 टक्का टीडीएस कापतं. कर घेताना ती मालमत्ता, आणि चोरीला गेली की जुगार? आयटी (माहिती तंत्रज्ञान) कायद्याचं कलम 66 डी नेमकं अशा तोतयेगिरीसाठी आहे, ते दखलपात्र आहे. कायद्यात म्हटलंय की तपास निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा. त्याचाच आधार घेऊन मला चार वेळा परत पाठवलं, 'पीआय साहेब आले की या'. नव्या फौजदारी कायद्याने (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) गुन्हा कुठेही घडलेला असो, जवळच्या ठाण्याने नोंद घ्यायलाच हवी, हे सांगितलं तर "तुम्ही वकील आहात का?" चार खेपांत भर सीझनचे चार दिवस गेले, गड्यांची मजुरी 7,200 वेगळी.

तुमचे पैसे बँकेतून गेले असतील तर आधी 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन लावा, पहिल्या तासात खातं गोठू शकतं. क्रिप्टोत गोठवायला मध्ये बँकच नसते, तरी सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार टाकाच. कधी चोराने ते कॉइन एखाद्या एक्स्चेंजवर नेले तर तिथे पोलिसांचं पत्र लागतं, आणि पत्रासाठी गुन्हा नोंदलेला लागतो.

आणखी एक. मी दोन-तीन ठिकाणी विचारपूस केल्यावर टेलिग्रामवर तिघेजण आले, 'रिकव्हरी करून देतो' म्हणत. एकाने 14,000 रुपये 'गॅस फी' मागितली. बिटकॉइनला गॅस फी नसतेच, ती इथेरियम या दुसऱ्या क्रिप्टोची भानगड. तेवढं कळत होतं म्हणून वाचलो. असल्यांना उत्तरही देऊ नका.

ॲपचा पत्ता डिव्हाइसच्या खोक्यातल्या कागदावर असतो, तोच टाइप करा. सर्चमधून नको, आणि दुकानाच्या नावावरही जाऊ नका. नोव्हेंबर 2023 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरवरच लेजर लाइव्ह या हार्डवेअर वॉलेटच्या ॲपच्या नावाचं बनावट ॲप सापडलं होतं. मोठी रक्कम असेल तर पासफ्रेज (24 शब्दांच्या जोडीला आपण ठरवलेला वेगळा गुप्त शब्द) लावा, म्हणजे नुसत्या 24 शब्दांनी ती हलत नाही. मी 'नंतर लावू' म्हणून ठेवलं होतं.

भाच्याचा लॅपटॉप पुसून घेतला, 600 रुपये. अर्जाची पोच माझ्याकडे आहे, शिक्का 15 एप्रिलचा. गुन्ह्याचा नंबर अजून दिलेला नाही. सोमवारी पुन्हा जातो आहे. या खेपेला छापलेला कागद अर्जाला जोडून त्याचीही पोच घेतल्याशिवाय उठणार नाही.