पर्थ मिंटची लूनर चांदीची नाणी: साधी १ औंसवाली घ्या, रंगीत नको

चिनी वर्षाचे बारा प्राणी, दरवर्षी एक, आणि पर्थ मिंट ही ऑस्ट्रेलियातली टांकसाळ ते चांदीच्या नाण्यांवर काढते. पहिली सिरीज १९९९ ते २०१०, दुसरी २००८ ते २०१९ (हो, मधली तीन वर्षं दोन्ही एकदम चालू होत्या), तिसरी २०२० पासून चालूय. १ औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम, आपल्या हिशेबात अडीच तोळ्यांच्या वर, त्यामुळे धनत्रयोदशीच्या १० ग्रॅमच्या नाण्याची सवय असलेल्याला हे हातात घेतल्यावर बरं वाटतं.

माझं मत विचाराल तर दिसायला दुसरी सिरीज सगळ्यात भारी. नाणं ४५ मिमीच्या वर रुंद आणि पातळ, त्यामुळे चित्राला जागा मिळालीय, २०१२ चा मोत्यामागे लागलेला ड्रॅगन बघा, किंवा २०१९ ची डुकरीण आणि तिची पिल्लं, कॅप्सूल (नाण्याची पारदर्शक डबी) तिरकी धरली की चित्रामागची पॉलिश केलेली जागा काळी दिसते आणि चित्र तेवढं पांढरं उठून दिसतं. तिसऱ्या सिरीजमधे नाणं परत ४१ मिमीच्या आसपास आणलं, चांदी मात्र ९९९ ची ९९९९ केली. शुद्धतेतला तो फरक डोळ्याला काय दिसणारे, साइजचा मात्र दिसतो आणि दोन्ही सिरीज एका अल्बममधे नीट बसत नाहीत, वैताग नुसता.

किंमतीचं म्हणाल तर चांदीच्या भावावर जो प्रीमियम लागतो ती आपल्याकडची घडणावळच समजा. अर्ध्या औंसाला ग्रॅममागे जास्त पडतो, किलोला कमी. रंगीत आणि बॉक्सवाली व्हर्जन्स गिफ्टला ठीक, पण विकायला गेलं की बहुतेक दुकानदार चांदीचेच पैसे देतो, रंगाला कोण विचारतो! इथल्या एका डीलरने तर डबा उघडूनही बघितला नाही, सरळ काट्यावर ठेवलं.

नवीन नाणं चिनी नववर्षाच्या काही महिने आधीच येतं, तेव्हाच घ्या. जुना ड्रॅगन नंतर शोधायला गेलात तर भाव चढलेला असतो आणि नकलीही फिरतात, म्हणून वजन आणि व्यास दोन्ही बघा, लोहचुंबकाला चिकटलं तर हात जोडून परत द्या. आणि कॅप्सूल उघडू नका हो, बोटाचा ठसा उमटला की तो कायमचा, आणि पुसायला गेलात तर ओरखडे पडतात ते वेगळेच. मधूनमधून पांढरे डाग येतात, त्याला मात्र काही इलाज नाही.

पाचातले चार स्टार, एक साइजच्या घोळासाठी कापला.